चांगूच्या हातातले तांदूळ

चांगू माझ्या दाराशी येऊन थांबला आणि पुढे येईना. त्याच्या मागे रखमा, त्याची बायको, दोन पिशव्या घेऊन उभी. महाडच्या बाजारपेठेमागची आमची गल्ली अरुंद. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, आणि हा माणूस माझ्या उंबरठ्याकडे असा बघत होता, जसा नवखा नट पहिल्या प्रवेशाआधी विंगेतून रंगमंचाकडे बघतो.

"या की आत," मी खुर्चीतून म्हटलं.

"पाय उचलत नाय, बाई," तो म्हणाला. "डोकं सांगतंय, पाय ऐकत नाय."

"हल्ली असंच हाय," रखमा म्हणाली. "मोरीच्या दारात जातात नि खांबागत उभे. मी म्हटलं, अवो, जरा ढकलू का? तर म्हणतात, ढकल, म्हंजे तेराव्याला लाडू करायला मोकळी."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा ताठ, पापणी लवत नव्हती, उजवा हात मांडीशी एकसारखा थरथरत होता, जणू बोटांत न दिसणारी तपकीर चोळत असावा. हा तोच चांगू, यावर माझा विश्वास बसेना.

अडतीस वर्षांपूर्वी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पांगारकोंडात. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीतली चाळीस घरांची वाडी. मुंबईला नोकरी करणारी पोरं सणाला रजा काढून यायची आणि नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावची, बाईचं काम करायला मी, बोलावून आणलेली नटी. पन्नास-साठ गावांत मी अशी नायिका झाले, आणि प्रत्येक गावात नायक मला सांगायचा की त्याचं खरं प्रेम हार्मोनियमवर आहे. असो. त्या दिवशी नाटकाआधी जाखडी होती. मध्ये गाणारे आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती गोल धरून आठ-दहा जण नाचणारे, प्रत्येकाच्या एकाच पायात चाळ बांधलेला. त्या गोलातला एक पोरगा, पंचविशीचा, मुंबईत छापखान्यात कामाला असलेला, असा नाचत होता की जमीन त्याला खाली खेचायची विसरली असावी. पाय टेकला की चाळ वाजे, पण वाजण्याआधी अर्ध्या क्षणाची जी पोकळी असते, ती त्याला सापडली होती. मी पडद्याच्या फटीतून बघत राहिले आणि माझी पहिली एन्ट्री चुकली. त्यानंतर मी दर दोन-तीन वर्षांनी पांगारकोंडात जात राहिले, कधी नाटकाला, कधी नुसती शिमग्याला. त्याचं लग्न पाहिलं, त्याची सेजल रांगताना पाहिली, छापखाना बंद पडल्यावर तो गावी नाचणी-वरीच्या शेतावर परतला तेही पाहिलं.

तर तो चांगू आता माझ्या दारात खिळलेला.

मला डॉक्टरकीचं काही कळत नाही. पण नट स्टेजवर थिजतो तेव्हा त्याला वाक्य आठवून द्यायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. त्याला ताल द्यायचा असतो. मी शेजारचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलला आणि जाखडीचा ठेका धरला.

"चांगू, चालू नकोस. नाच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. उजवी टाच किंचित उचलली गेली. मग डावी. खांदे हलले. आणि तो डुलत, तिरक्या पावलाने, उंबरठा ओलांडून आत आला, थेट खुर्चीपाशी, आणि वळून बसला.

रखमाच्या हातातल्या पिशव्या खाली गेल्या. मग पदराने नाक पुसत ती म्हणाली, "आता मी रोज सकाळी डबा वाजवत मोरीपर्यंत वरात काढू का ह्यांची?"

त्यांना माझ्याकडे सेजलने पाठवलं होतं. सेजल महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि इथेच दोघी-तिघींबरोबर खोली घेऊन राहते. वडिलांचा हात बघून तिनेच त्यांना ओढत मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात. गोळ्या कायमच्या. आणि गोळ्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे अंग हलतं ठेवा. ह्या रोगात आपसूक होणारी हालचाल हरवते. पण ताल, गाणं, मोजून टाकलेलं पाऊल अशी बाहेरून हाक दिली की पाय पुन्हा ऐकतात. सेजलने मैत्रिणीच्या आजीकडून माझ्या मंगळवाराबद्दल ऐकलं होतं.

माझा मंगळवार म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. खुब्याचं हाड मोडून मी सहा महिने पडून होते. उठले तेव्हा कळलं की पडून राहण्याने मोडलेलं हाड जुळतं, पण बाकीचं सगळं मोडतं. मग पुढच्या खोलीतलं सामान भिंतीशी सारलं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे माझ्या खांद्याएवढी. त्या रेघेला हात लावून आम्ही सहा-सात म्हातारी माणसं मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी झुलतो. नाचतो म्हटलं तर लोक हसतील. सूप पाखडल्यासारखे हात, जातं ओढल्यासारखी कंबर, झोळीतल्या पोराला झोका दिल्यासारखे खांदे. सुंदराबाईंचे गुडघे दगडाचे झाले होते. आता त्या जिन्याच्या सहा पायऱ्या कठडा न धरता चढतात आणि सातवीवर उभं राहून आम्हाला शिव्या घालतात. दुखणं जातं असं मी म्हणणार नाही. पण माणूस अंगात परत राहायला येतो.

चांगू भाद्रपदापासून यायला लागला. पांगारकोंडाहून मिनीडोर, पोलादपूरहून एसटी, दोन तासांचा प्रवास. सुरुवातीला तो खुर्चीत बसूनच टाचा हलवायचा. दिवाळीनंतर उभा राहिला. गोळ्या आणि ताल, दोन्ही लागू पडत होते. चेहरा सैल झाला, पापण्या लवू लागल्या. हाताचा थरकाप निम्म्याने कमी झाला. एका शुक्रवारी सुंदराबाईंनी त्याला म्हटलं, "अहो, तुम्ही हसलात की!" तर तो म्हणाला, "हसत तर मी कवाचा होतो, तोंडावर आज आलं."

आणि तरीही तो बरा होत नव्हता. नाचताना मोकळा, थांबला की काळा पडलेला. मी चाळीस वर्षं माणसांचे चेहरे चार हातांवरून वाचले आहेत. हा रोगाचा ताठपणा नव्हता. हा माणूस काहीतरी गिळून बसला होता.

पौषात एका मंगळवारी रखमा बाजारात सुकट आणायला गेली होती. बाकीचे निघून गेले होते. चांगू चाळ सोडत होता. त्याचा जुना चाळ रखमाने ट्रंकेतून काढून दिला होता.

"बाई," तो खाली बघत म्हणाला, "मी बरा होतोय ते पाप हाय."

"काय बोलतोस?"

मग त्याने सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीचा शिमगा. जननीआईची पालखी घरोघर फिरत होती. पुढच्या दांड्याला चांगू. त्याचा उजवा हात मोकळा होता, आणि तो थरथरायला लागला. घरी लसूण सोलून झाल्यावर हात मांडीवर टेकला की तो असाच थरथरायचा, चार-पाच महिन्यांपासून. पण पालखीखाली, ढोलांच्या गजरात, सगळ्यांच्या देखत तो जरा जास्तच थरथरला. गावकर मुरारीने, म्हणजे पालखीचा मान ज्याच्या घरात आहे त्याने, ते पाहिलं आणि हात जोडले. "आईचं वारं आलं! चांगूच्या हातात आई आली!"

पांगारकोंडात जुनी रीत आहे. ज्याच्या अंगात वारं येतं त्याच्या हातावर मूठभर तांदूळ ठेवायचे, खाली विड्याचं पान धरायचं आणि प्रश्न विचारायचा. हात हलून जे दाणे पानावर पडतील ते मोजायचे. जोड, म्हणजे सम दाणे, पडली तर आईचा होकार; एकट, म्हणजे विषम, पडली तर नकार. वीस वर्षं गावात कुणाला वारं आलं नव्हतं. लोक आसुसलेले होते.

"तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? मुरारी माज्या पाया पडला, बाई. मुरारी! ज्यानं मला जल्मात कधी ओटीवर बसायला गोणपाट दिलं नाय. छापखाना गेल्यापासनं मी गावात कोन होतो? रखमाचा नवरा. नाचायचं वय गेलेलं. एकदम सगळे हात जोडून उभे. मला वाटलं..." तो थांबला. "मला वाटलं, असेल बी आई. मला काय ठावं? कोनाला ठावं असतं?"

त्या दिवशी विचारणाऱ्यांत प्रयागबाई होती. चांगूच्या चुलतभावाची विधवा, साठीची, जिभेला धार असलेली. तपासणी शिबिरातल्या डॉक्टरने तिला सांगितलं होतं की डोळ्यांत काचबिंदू आहे, उजव्यात जास्त, लगेच ऑपरेशन करा. प्रयागबाईने विचारलं, आई, डोळा कापू का?

पानावर तीन दाणे पडले.

"एकट," चांगू म्हणाला. "ती घरी गेली. आठ-नऊ महिन्यांत उजवा डोळा गेला. पार गेला. आता डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत येत नाय."

बाहेर एसटीचा कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"आनि आता डावा चाललाय," तो म्हणाला. "डॉक्टरनं पुन्हा सांगितलंय ऑपरेशन. वयनी म्हणते, शिमग्याला आईला विचारीन, मग बघू. माज्या हातानं विचारणार."

एवढं सांगून त्याने चाळ पिशवीत टाकला. हात थरथरत होता, पहिल्या दिवसासारखा.

मी त्याला सल्ला दिला. सोपा होता, म्हणून चुकीचा निघाला. मी म्हटलं, तिच्या घरी जा, एकटीला गाठ आणि सांग. तो गेला. पुढच्या मंगळवारी येऊन त्याने मला प्रयागबाईचं उत्तर सांगितलं. ती म्हणाली होती, "भावजी, हात थांबत चाललाय तुमचा, मी बघते ना. आई सोडून चालली म्हणून आता रोगाचं नाव सांगताय होय? मला काय खुळी समजता?" त्याने डॉक्टरचा कागद दाखवला. "एका डोल्यानं कागद वाचू का तुमचा?" म्हणाली. मुरारीला कुठून तरी कळलं. तो संध्याकाळी घरी आला आणि हळू आवाजात म्हणाला की गावाची लाज काढू नकोस. आणि त्या दिवशी गोळी घेऊ नकोस, हात हलला पाहिजे, मुंबईहून चाळीस माणसं येणार आहेत.

रखमाचा उपाय वेगळा होता. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "जोड पाडा की. चार दाने. आई हो म्हणते, जा, डोला कापून घे. ती जाईल, डोला वाचेल, आनि कोनाचं काय गेलं?"

खरं सांगू, मला तो उपाय आवडला. नाटकवाल्या माणसाला आवडणारच.

चांगूने मान हलवली. "माज्या हातात असतं तर मागल्या टायमालाच पाडले नसते का चार? हात माजं ऐकतो कुठं, रखमा? तीन बी पडतील, सात बी पडतील. नि चार पडले, तर पुढल्या साली कोन काय विचारील? पोराला शालेतनं काढू का म्हणून विचारील. सुनेला माहेरी पाठवू का म्हणून विचारील. माज्या रोगाला!"

"मग पालखीला जाऊच नका."

"नाय गेलो तर वयनी म्हणेल, आईनं उत्तर दिलं नाय. म्हंजे नकार."

रखमाने गाळणं आपटून ठेवलं. मग ती जे बोलली ते मला अजून आठवतं. "तुमाला परत खांदा देनार नाय कोनी. ठावं हाय ना? तुमचा नाच गेला, तो परत आलाय कुठं आत्ता. पालखीखाली एकदा नाचायचंय म्हणून तुम्ही इतकं येताय महाडला. मला काय कळत नाय?"

मला कळलं की हेच खरं होतं. बिस्किटाच्या डब्यावर, खुर्चीत बसून, भिंतीच्या रेघेला धरून तो सहा महिने पालखीकडेच चालला होता.

शिमग्याला मी पांगारकोंडात गेले. मिनीडोरमध्ये माझ्या शेजारी ठाण्याहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातला जावई सासूला सांगत होता, "मम्मी, वो हाथवाले बाबा है ना, उनको मेरे प्रमोशनचं पूछो." मी खिडकीबाहेर बघत बसले.

दुपार कलली होती. पालखी घरं फिरून सहाणेवर आली. सहाण म्हणजे वाडीच्या मधला दगडी चौथरा, पालखी जिथे विसावते. भोवती माणसांचा गोल. मला खुर्ची दिली, तीही पुढच्या रांगेत. जुन्या नटीला एवढा मान अजून मिळतो. पालखी उतरण्याआधी चांगू तिच्यासमोर नाचला. नवा शर्ट, पायात तोच चाळ. गोळी त्याने घेतली होती. पूर्वीचा नाच नव्हता तो. उडी नव्हती, गिरकी अर्धीच. पण ती अर्ध्या क्षणाची पोकळी तिथेच होती, तशीच. एक-दोन म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मी रडले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पालखी टेकली. मुरारीने पान मांडलं. प्रयागबाई पुढे आली, काठी टेकत, चेहरा जरा डावीकडे वळवून, उरलेल्या डोळ्याने बघत. तिच्या मुठीत तांदूळ होते.

"भावजी, हात धरा पुढं."

चांगू तिच्यापासून पाच-सहा हातांवर उभा होता. ढोल घुमत होते. तो मोठ्याने म्हणाला, "ढोल थांबवा."

ढोलवाले मुरारीकडे बघू लागले. "थांबवा रे!" चांगू ओरडला. ढोल थांबले.

"आता मी वयनीकडं येतो," तो म्हणाला. "बघा सगळ्यांनी."

तो निघाला आणि निघालाच नाही. वरचं अंग पुढे झुकलं, पाय जमिनीला चिकटलेले. मला वाटलं हा पडतो. गोलात कुजबुज सुरू झाली. एक पोरगी फिस्सकन हसली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आपलं दुखणं असं भर चौथऱ्यावर मांडणं सोपं नसतं. आम्ही नट दुसऱ्यांची दुखणी मांडतो आणि टाळ्या घेतो.

"आता वाजवा."

ढोल सुरू झाले आणि तो डुलत, तिरक्या पावलाने, प्रयागबाईपर्यंत गेला.

"बघितलंत? जननीआईला चालायला ढोल लागत नाय. मला लागतो. ह्यो रोग हाय. कंपवात नाव हाय त्याचं. हात माजा हाय, आईचा नाय. दोन वर्सापूर्वी बी माजाच होता, नि मला तवाच ठावं होतं."

"गप!" मुरारी पुढे झाला. "पालखीसमोर काय बरळतोस?"

"पालखीसमोरच बोलतो, गावकर. घरात बोललो तर कोनी ऐकलं नाय."

ढोल आपोआप थांबले होते. प्रयागबाई तिथेच उभी. तिला सगळं समजायला वेळ लागला, किंवा तिने तो घेतला.

"म्हंजे माजा डोला," ती अगदी सावकाश म्हणाली, "तुज्या रोगानं नेला?" 'भावजी' गळून पडलं होतं, 'तुम्ही' गळून पडलं होतं.

"व्हय, वयनी."

"नि तुला ठावं होतं."

"व्हय."

मला वाटलं ती तांदूळ त्याच्या तोंडावर फेकेल. त्यालाही वाटलं असावं; त्याने डोळे मिटले. पण तिने मूठ पदरात रिकामी केली आणि गाठ मारली. "घरी नेऊन शिजवते," ती म्हणाली. "तुला विचारन्यापरीस पोटात गेलेले बरे." आणि काठी आपटत गोलातून बाहेर पडली. तिला वाट द्यायला लोक बाजूला झाले. चांगूला वाट द्यायला कुणी बाजूला झालं नाही, कारण तो हलतच नव्हता, आणि ढोल कुणी वाजवेना. शेवटी मी माझ्या काठीने खुर्चीच्या हातावर ठेका धरला. रखमाने त्याच्या दंडाला हात लावला. तेवढ्यावर ती दोघं घरी गेली.

पुढच्या दिवशी पालखीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर गेला.

इथे ही गोष्ट गोड करायचा मोह मला होतोय. पण चांगूने पालखीसमोर खरं सांगितलं, मग मी कागदावर का लपवू? शिमग्यानंतर तो महाडला यायचा बंद झाला. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, असे तीन आठवडे. रखमाचा फोन आला. गोळ्या घेतो म्हणाली, पण पडून असतो. चाळ त्याने ट्रंकेत टाकलाय. गावात कुणी भांडत नाही, फक्त बोलणं आखडतं झालंय. विहिरीवर रखमा गेली की बायकांचं बोलणं थांबतं. काही म्हणतात आई रागावून सोडून गेली, काही म्हणतात दोन वर्षं लबाडी केली. "दोन्ही पार खोटं बी नाय, व्हय ना बाई?" रखमाने विचारलं. मी ताल धरायला सांगितलं. "डबा वाजवते मी," ती म्हणाली, "पन ह्यांचं अंगच ऐकत नाय आता. अंग दुखतं म्हंजे नुसतं अंग दुखत नाय ना, बाई." सहा महिन्यांत सैल झालेली गाठ तीन आठवड्यांत पुन्हा आवळली होती.

प्रयागबाईची बातमी सेजलने आणली. शिमग्यानंतर आठ दिवसांत ती पुतण्याबरोबर महाडच्या डोळ्याच्या डॉक्टरकडे गेली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. जी नजर उरली होती ती टिकेल, असं डॉक्टर म्हणाले, थेंब वेळेवर घातले तर. उजवा गेला तो गेलाच.

सेजलने हे वडिलांना सांगितलं. "मग?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतरच्या गुरुवारी तिने कारखान्यातून रजा काढली, गावी जाऊन त्याला उठवलं आणि शुक्रवारी सकाळी माझ्या दारात आणून उभं केलं. उंबरठ्याशी तो पुन्हा खिळला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. मी डबा वाजवला. तो आत आला, पण खुर्चीत बसून राहिला. सुंदराबाई त्याच्यासमोर उभ्या राहून झोळी हलवल्यासारखे हात करत म्हणाल्या, "नुसतं बघू नका, पोर माझं झोपत नाही." निघायच्या आधी त्याच्या टाचा दोन-चारदा उचलल्या गेल्या. तेवढंच.

सेजलची दुपारची पाळी होती, तिची कारखान्याची बस चुकली असती. तेव्हा त्याला एसटी स्टँडवर सोडायला मी गेले. पोलादपूरची गाडी लागलेली. माणसं चढत होती. चांगूची पाळी आली आणि पहिल्या पायरीपाशी त्याचे पाय चिकटले. मी मागे होते, हातात काठी होती, पण मध्ये तीन माणसं आणि कोंबड्यांचं डालगं. कंडक्टर ओरडला, "ओ काका, चढताय की फोटो काढायचाय?"

चांगूच्या अगदी मागे हिरवा चष्मा लावलेली एक बाई उभी होती. मी आधी ओळखलं नाही. ती डॉक्टरकडे दाखवून परत निघाली होती, पुतण्या मागे तिची पिशवी धरून. तिने चांगूला पाठीवरून ओळखलं असणार. एकाच वाडीत चाळीस वर्षं काढली आहेत.

थोडा वेळ ती नुसती उभी राहिली. मागचे लोक ढकलत होते. मग तिने काठी उचलली आणि एसटीच्या पत्र्यावर आपटली. एकदा. मग दोनदा, मग जाखडीच्या ठेक्यात. पांगारकोंडातल्या कुठल्याही बाईला तो ठेका यायचाच.

चांगूची मान किंचित वळली. ठेका कुणाचा, हे त्याला समजलं असावं. उजवी टाच उचलली गेली, मग डावी, आणि तो पायऱ्या चढून आत गेला.

"वयनी..." दारात वळून तो म्हणाला.

"बोलू नको," प्रयागबाई म्हणाली. "माफ केलं असं समजू नको. माजी गाडी चुकते."

ती चढली आणि त्याच्या दोन बाकं पुढे, खिडकीशी जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून. गाडी सुटेपर्यंत तिची काठी तिच्या मांडीवर आडवी होती. मी बघत होते. वाजवत नव्हती ती. पण तिने ती खालीही ठेवली नाही.